आभाळ फिरले की हजेरी बुडते

माघ सरत आला की सातारा-सांगलीकडचे आभाळ भरवशाचे राहत नाही. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी बाराला डोक्यावर टॉवेल नाहीतर पदर घेतल्याशिवाय रस्त्यावर चालवत नाही, चारच्या सुमारास पूर्वेकडून धूळ उठते, आणि पाच वाजता पत्र्यावर गारा वाजू लागतात. वीस मिनिटांत सगळे उरकते. पुन्हा ऊन पडते, जणू काही झालेच नाही! कोरेगावला पाऊस झाला म्हणून साताऱ्याला फोन करावा, तर तिथे कोरडे ठणठणीत. तासगावच्या एका शिवारात द्राक्षबाग झोडपून निघते आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात टिपूससुद्धा नसतो.

वर्तमानपत्रे दरवर्षी या पावसाला ‘अवकाळी’ म्हणतात. आमच्याकडची जुनी माणसे त्याला वळीव म्हणत आणि तो चैत्र-वैशाखात यायचाच, हे धरून चालत. पण फाल्गुनात, सुगी रानात उभी असताना येणारा पाऊस वेगळा. त्याने कोणाचे काय जाते, हे आम्ही येथे मांडू इच्छितो. कारण ज्याचे जाते त्याचे नाव सरकारी कागदावर येतेच असे नाही.

आधी हे घडते कसे ते पाहू. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे गार वारे येतात. फेब्रुवारी संपता संपता त्यांचा जोर ओसरतो, जमीन तापू लागते आणि बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून ओलसर हवा आत शिरते. कोरडी हवा आणि ओलसर हवा महाराष्ट्राच्या पोटात एकमेकींना भेटतात. दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून गरम हवा झपाट्याने वर चढते, ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतो, आणि इतक्या उंचीवर पाण्याचे बर्फ होते. तीच गार. ती ढगात खालीवर होत मोठी होते आणि वजन पेलेनासे झाले की खाली येते. ढग उंच असतो पण पसरट नसतो, म्हणून एका गावाला पाऊस आणि शेजारच्या गावाला ऊन. साताऱ्याचा पश्चिम भाग तर जगावेगळाच आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्याला सुमारे 500 मिलिमीटरसुद्धा मुश्किलीने मिळतो. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोके; मग फाल्गुनातले आभाळ एकसारखे कसे असणार?

पाडव्याला देवळात बसून पंचांग वाचतात आणि यंदा पाऊस किती आढक, वारा कसा, ते सांगतात. त्या वाचनाला आपल्या माणसांना पूर्वी पायरीच्या खाली उभे राहावे लागे, आणि एवढे करूनही ऐकायला मिळे ते साफ निरुपयोगी! भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. आज ते जिल्ह्यासाठी पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईलवरचे साधन जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की आधी सूचना देते. घरात एक जरी चांगला मोबाईल असेल तर हे फुकट मिळते. आपल्या पोरांनी गाण्यांच्या शेजारी तेही ठेवावे.

इंग्लंडचे लोक आपल्या मार्च महिन्याबद्दल असेच बोलतात. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, मध्येच बर्फाची भुरभुर. तिथे अटलांटिक महासागरावरचा मवाळ वारा आणि उत्तर ध्रुवाकडचा थंड वारा यांची ओढाताण चालते. बाबासाहेब 1920 ते 1923 या काळात लंडनला शिकत होते. असे वसंत त्यांनी तिथे अर्धपोटी राहून काढले. पण तिथल्या कारकुनाला मार्चच्या पावसाचा अर्थ छत्री न्यायची की नाही, एवढाच. आपल्या वस्तीत त्याचा अर्थ उद्या काम आहे की नाही, असा असतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हे सातारा-सांगलीतल्या मजुरीचे सर्वांत भरलेले महिने. द्राक्षे निघतात, बेदाणा होतो, हळद निघते, शाळू निघतो, उसाचा हंगाम शेवटाला येतो, वीटभट्ट्या जोरात असतात. वर्षाची उधारी फेडायची ती याच तीन महिन्यांत. आणि नेमके याच तीन महिन्यांत आभाळ फिरते.

बेदाण्याचे बघा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, जत या बाजूला माळावर लांबच्या लांब शेड दिसतात. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर एकावर एक थरांत पसरतात आणि साधारण दोन आठवडे कोरड्या वाऱ्यावर सुकवतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा हिरवट-पिवळा रंग हाच त्याचा भाव. या पंधरवड्यात हवा दमट झाली की रंग काळवंडतो, पाऊस आत आला तर माल चिकट होऊन बुरशी धरते. शेडमालकाचे नुकसान मोठे असते, ते आम्ही नाकारत नाही. पण शेडवर घड पसरायला, माल झाडायला, काड्या काढायला आणि निवडायला ज्या बाया येतात त्यांचे काय? माल खराब झाला की निवडणीच उरत नाही. मुकादमाचा निरोप येतो, “उद्या येऊ नका.” त्या निरोपाचा पंचनामा कोणी करत नाही.

हळदीचेही तसेच. हळद काढून, गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून, शिजवून मोकळ्या खळ्यावर दहा-पंधरा दिवस वाळत घालतात. शिजवलेली हळद पावसात भिजली की रंग मारला जातो. आभाळ गडगडले की रात्री अकरालाही मजुरांना उठवून ताडपत्री टाकायला नेतात. त्या रात्रीच्या कामाची हजेरी धरली जाते का, हे विचारले तर बाया नुसत्या हसतात. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवे होती. त्यात हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहायची. 2005 च्या महापुरात त्यातली बरीचशी पेवे निकामी झाली. जमिनीखालची हळद पुराने नेली आणि जमिनीवरची वळवाने भिजवली, असे तिकडची माणसे म्हणतात.

शाळूची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. माण, खटाव, आटपाडी, जतकडे ज्वारी उपटून, कणसे मोडून, पेंढ्या बांधून ठेवलेल्या असतात. त्यावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि कडबा कुजतो. कुठे कुठे काढणीची मजुरी अजूनही ज्वारीतच घेतात, कारण वर्षाच्या भाकरीची सोय होते. मग भिजलेली ज्वारी कोणाच्या वाट्याला येते? चांगले दाणे बाजारात जातात. काळे पडलेले मजुराच्या पोत्यात.

वीटभट्टीवर तर हिशोब आणखी उघडा आहे. मजुरी हजार विटांवर. चिखल तुडवून, साच्यात घालून, विटा उन्हात मांडून ठेवायच्या. वाळून रचल्या गेल्या की मोजणी. मोजणीच्या आधी पाऊस आला तर कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो. नवरा, बायको आणि हाताशी आलेला पोरगा अशा तिघांचे आठवड्याचे श्रम अर्ध्या तासात वाहून जातात आणि वहीत त्यांच्या नावापुढे शून्य लागते, उलट उचल मात्र तशीच राहते. उसाच्या फडावर कोपी घालून राहिलेल्या कुटुंबांचीही तीच तऱ्हा. फडात चिखल झाला की गाडी निघत नाही, तोड थांबते, आणि वरून कोपीत पाणी.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आकडे मांडल्याशिवाय आम्हाला समाधान होत नाही. समजा, एका बाईची हजेरी 300 रुपये आहे आणि फाल्गुन-चैत्रात पावसाने तिचे आठ दिवस बुडाले. 2,400 रुपये गेले. नवऱ्याची हजेरी 500 धरली आणि त्याचेही तेवढेच दिवस बुडाले तर आणखी 4,000. एका घराचे 6,400 रुपये. म्हणजे मुलीची बारावीनंतरची प्रवेश फी, किंवा महिला बचत गटाचे कित्येक महिन्यांचे हप्ते. वस्तीत 40 घरे असतील तर ही रक्कम अडीच लाखांवर जाते. अडीच लाखांची द्राक्षे पडली तर तालुक्याचे अधिकारी गाडीतून येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. अडीच लाखांची मजुरी पडली तर साधा आवाजही होत नाही.

हे आजचे नाही. बलुत्याच्या काळात आपले आजे-पणजे सुगीला खळ्यावर उभे राहत. वर्षभर गावकी केल्याचा मोबदला म्हणजे खळ्यावरच्या पेंढ्या आणि पाटीभर धान्य. पीक चांगले आले तर देणाऱ्याचा हात सैल. गारपिटीने नासले तर पहिली कात्री बलुत्याला. वेसकराने वर्षभर रात्री जागून काढल्या, त्यात मात्र कुठलीही कपात झालेली नसे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले त्यामागे हीच जाण होती. लहरीवर मिळणाऱ्या बलुत्याऐवजी रोखीने ठरलेला मोबदला मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. ते बिल तेव्हा पास झाले नाही. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने गेली. वतनाची जमीन काहींना राहिली, पुष्कळांची आधीच गहाणवटीत किंवा नजराण्याच्या घोळात दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच पोटतिडिकीने. सातबाऱ्यावर नाव नाही, या एका गोष्टीतून बाकीचे सगळे निघते.

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. 1901 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, जात कळताच गाडीवाले तयार होईनात, दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली ती स्वतः हाकण्याच्या अटीवर, आणि जवळ जेवण असून रात्रभर पाणी मिळाले नाही म्हणून ते उपाशी राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पण सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यात गोरेगावला काय करीत होते? दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता, आणि रामजीबाबा त्या कामावर रोखपाल होते. पाऊस चुकला की मजुराच्या हाताला काम देणे हे सरकारचे काम आहे, ही गोष्ट बाबासाहेबांच्या घराने इतक्या जवळून पाहिली होती.

रोजगार हमीचा पहिला प्रयोगही आपल्याच मातीतला. 1965 साली वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला तो केला. 1972 च्या दुष्काळात त्यावर लाखो माणसे जगली, 1977 साली राज्याचा कायदा झाला, आणि 2005 साली देशाचा कायदा झाला तोही त्याच वाटेने. मात्र ही सारी रचना दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. दुष्काळ हळूहळू येतो, त्याला मोजता येते, त्यासाठी कामे काढता येतात. वीस मिनिटांच्या गारपिटीने बुडालेल्या आठ दिवसांसाठी कोणी तलाव खोदायला काढत नाही.

आता पंचनाम्याकडे येऊ. पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले तर शासनाची मदत मिळते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (या पदांची नावे हल्ली बदलली, लोकांच्या तोंडी हीच आहेत) मिळून पंचनामा करतात. मदत सातबारावाल्याच्या खात्यावर जाते. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे दुसऱ्याचे रान वाट्याने किंवा खंडाने करतात. बियाणे निम्मे, खत निम्मे, राबणे पुरते आपले. गार पडली की नुकसान निम्मे नव्हे, राबणाऱ्याचे पुरते होते. भरपाई मात्र मालकाच्या खात्यात. पीकविम्यात खंडकऱ्याला भाग घेता येतो, पण त्यासाठी करारनामा लागतो. मालक लिहून देत नाही. 1948 च्या कूळकायद्याची धास्ती अजून त्याच्या मनात आहे. कागद झाला तर हा कूळ लागेल, असे त्याला वाटते. ज्या कायद्याने कष्टकऱ्याला जमीन मिळायची त्याच कायद्याच्या भीतीने आज त्याला विमाही मिळत नाही, हा दैवाचा नव्हे, व्यवस्थेचा खेळ आहे. निदान वाट्याने करणाऱ्याने पंचनाम्याच्या वेळी रानात हजर राहावे, मालकासमोर भरपाईचा वाटा ठरवून घ्यावा, आणि चार माणसांच्या देखत ठरवावा. लाजू नये.

मजुराला हवामानाची भरपाई देता येते का? येते. जर्मनीत 1959 पासून बांधकाम मजुरांना खराब हवामानाने काम बंद पडले तर भत्ता देण्याची पद्धत सुरू झाली; आज ती वेगळ्या नावाने चालू आहे. आणि जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. इला भट्ट यांनी 1972 साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना काढली. त्या संघटनेने 2024 साली गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे 50 हजार सभासद स्त्रियांसाठी उन्हाचा विमा चालवला. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेले की पंचनामा नाही, अर्ज नाही, सातबारा नाही. पैसे सरळ बाईच्या खात्यात. तापमापीचा आकडा हाच पुरावा. महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे बसलेली आहेत आणि फळपीक विमा त्यांच्याच नोंदींवर चालतो. त्याच यंत्राच्या नोंदीवर बागायतदाराला पैसे मिळू शकतात, तर त्याच बागेत राबणाऱ्या बाईला का नाहीत?

हजेरी बुडते ती पुन्हा मिळवता येते. जीव येत नाही. वळवाच्या पावसात दरवर्षी रानात वीज पडून माणसे मरतात, आणि त्यांत शेळ्या राखणारी, काढणीला गेलेली, पाऊस आला म्हणून झाडाखाली धावलेली माणसे अधिक. खेड्यात अजूनही म्हणतात, पायाळू माणसावर वीज पडते. काही घरांत पायाळू मुलाला ढग आले की कोंडून घालतात आणि बाकीच्यांना खुशाल रानात पाठवतात! वीज जन्म कसा झाला ते विचारत नाही. ती उंच वस्तू शोधते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातूनच आयुष्यभर अशा समजुतींशी झुंज दिली आणि 2013 साली त्यांचा खून झाला. निदान त्यांच्या जिल्ह्यात तरी हा समज शिल्लक राहू नये.

करायचे ते सोपे आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज आपल्या टप्प्यात आहे. काम सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरजवळ थांबू नये. आसरा नसेलच तर सखल जागी पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, आडवे झोपू नये, घोळका करू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. मुकादम ओरडला तर ओरडू द्यावे. आणि वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो, ही चुकीची समजूत आहे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबून श्वास द्यावा. त्या पाच मिनिटांत माणूस वाचू शकतो.

दुर्दैवाने कोणी गेलेच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला शासनाची 4 लाख रुपयांची मदत आहे, आणि तिला सातबारा लागत नाही. लागतो तो पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. आपल्याकडे दुःखाच्या भरात, “आता देहाची चिरफाड कशाला,” म्हणून त्याच संध्याकाळी अंत्यविधी उरकतात आणि मागे राहिलेल्या बाईला पुढे वर्षभर तहसील कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. अशा कागदांसाठी आम्ही अनेक भगिनींबरोबर गेलो आहोत. एक अहवाल नसला की पुढचे सगळे कागद लटके पडतात.

घराचे थोडक्यात. वस्तीतल्या पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात. वावटळीत पत्रा उडतो आणि दगड आत पडतो. खाली पाळणा असतो. दगडाऐवजी आकडीचे बोल्ट लावून पत्रा वाशाला आवळावा, खर्च फार नाही. घर पडले किंवा पत्रे उडाले तर उचलाउचल करायच्या आधी फोटो काढावेत, त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घर कोणाच्या नावावर आहे हे आजच बघून ठेवावे. पुष्कळ घरे अजून वारलेल्या आज्याच्या नावावर आहेत. रमाई आवास योजनेच्या वेळीही तिथेच अडते.

आता 14 एप्रिल येईल. जयंतीच्या मांडवाला वळवाने गाठले नाही असे वर्ष क्वचित. निळ्या पताका भिजतात, वीज जाते, मिरवणूक तासभर एखाद्या शेडखाली थांबते आणि पोरे पुन्हा ढोल काढतात. यंदा मंडळांनी मांडव पक्का बांधावा, विजेच्या जोडण्या झाकून घ्याव्यात, आणि विजा सुरू झाल्या तर झेंड्याचा उंच खांब हातात घेऊन कोणी उभे राहू नये.

याशिवाय एक काम आम्ही काही वस्त्यांतून सुरू करीत आहोत. साधी शंभर पानी वही. तारीख, पाऊस किंवा गारा किती वाजता, कोणते काम थांबले, किती बाया आणि किती पुरुष घरी बसले, किती दिवस, हजेरी किती. एवढे सहा रकाने. बचत गटातली जी मुलगी नववी-दहावीला असेल तिने लिहायचे, खाली दोन मजुरांच्या सह्या किंवा अंगठे. 1 मेच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवायची, बेरीज सांगायची आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायची. इतिवृत्ताची नक्कल मागायची. एकेका गावाची बेरीज तहसीलदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. ज्या वस्त्यांना वही कशी आखावी ते पाहायचे असेल त्यांनी आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर कार्यकर्त्यांना भेटावे. फाल्गुनाची पाने भरायला घेतली आहेत.